संपूर्ण रक्त की फक्त लाल पेशी?

सिकलसेल (लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या आपल्या मुलाला रक्त चढवताना यांपैकी कोणती पिशवी द्यावी, हा प्रश्न गडचिरोलीकडील एका वडिलांना पडला आहे. हिमोग्लोबिन दोन्ही पिशव्यांनी वाढते; मात्र संपूर्ण रक्तातील प्लाझ्मामुळे (रक्तातील द्रव भागामुळे) शरीरात द्रव अधिक जातो, अशक्त हृदयावर ताण येऊन धाप लागू शकते आणि अंगावर पित्त उठण्याची शक्यताही वाढते. थंडी-ताप बहुधा पांढऱ्या पेशींमुळे येतो व तो लाल पेशींच्या पिशवीनेही पूर्ण टळत नाही, म्हणून वारंवार रक्त लागणाऱ्यांसाठी पांढऱ्या पेशी गाळलेली पिशवी मिळते का, हे रक्तपेढीत अवश्य विचारावे. साठवण दोन्हींची २ ते ६ अंश सेल्सिअसला होते. चुकीच्या रक्तगटाचा जीवघेणा धोका दोन्हींत असतो. खाटेजवळची पडताळणी कुणीही घाईत उरकू नये. या मुलाला लाल पेशीच योग्य ठरतील. प्रसूतीनंतर प्रचंड रक्तस्राव झाला आणि वेगळे घटक मिळत नसले, तर डॉक्टरांच्या निर्णयाने संपूर्ण रक्त द्यावे.