एस्टर तेलाचा ट्रान्सफॉर्मर घेताय? सोक पिटचं पाणी कसं काढणार, ते आधी ठरवा

रबाळे-महापे पट्ट्यात किंवा ठाण्यात सबस्टेशनसाठी सिंथेटिक एस्टरचा (म्हणजे नेहमीच्या मिनरल ऑइलऐवजी कृत्रिम एस्टर तेल भरलेला) ट्रान्सफॉर्मर घेण्यामागे आगीची धास्ती हे रास्त कारण आहे. मिनरल ऑइलचा फायर पॉइंट (ज्या तापमानाला तेल पेटून जळत राहतं) साधारण १७० अंश सेल्सिअस, एस्टरचा ३०० च्या वर. शिवाय एस्टर निसर्गात लवकर विघटित होतं. पण म्हणून सांडलं तरी चालेल असं नाही. विघटन होताना ते पाण्यातला ऑक्सिजन संपवतं, आणि आपले नाले ज्या ठाणे खाडीला मिळतात ती २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. सांडलेलं तेल अडवायला ट्रान्सफॉर्मरखाली सोक पिट, म्हणजे खड्डा असतो. पावसाचं पाणीही त्यातच साचतं, आणि ते काढताना तेल सोबत जाता कामा नये.

मिनरल ऑइलची घनता सुमारे ०.८८, सिंथेटिक एस्टरची ०.९७. तरंगतात दोन्ही, पण पाण्याशी असलेला फरक ०.१२ वरून ०.०३ वर येतो. तेवढ्याच आकाराचा थेंब वर यायला चौपट वेळ घेतो. म्हणून मिनरल ऑइलच्या हिशोबाने बांधलेला सेपरेटर (तेल तरंगू देऊन पाण्यापासून वेगळं करणारी टाकी) एस्टरला अपुरा पडतो. तेच काम करायला प्रवाह चौथाईवर आणावा लागेल, नाहीतर टाकीचं क्षेत्रफळ चौपट करावं लागेल.

पाणी काढायचा सर्वात स्वस्त पर्याय म्हणजे खडी भरलेला पिट आणि हाताने उघडायचा व्हॉल्व्ह. उन्हाळ्यात तो पुरतो. पावसाळ्याचा हिशोब मात्र करून बघा. समजा पिट ८ बाय ६ मीटर, खोली १ मीटर आणि खडीत ४० टक्के पोकळी. म्हणजे जागा १९,२०० लिटरची. एका दिवसात ३०० मिमी पाऊस झाला की १४,४०० लिटर पाणी साचतं. उरले ४,८०० लिटर, आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल ६,०००! पाणी काढायला रात्रपाळीच्या ऑपरेटरने व्हॉल्व्ह उघडला आणि बंद करायचा राहिला, तर पिट असून नसल्यासारखा. बॅटरीच्या उजेडात खडीखाली तेल आहे की नुसतं पाणी, हे त्याने ओळखावं तरी कसं?

दुसरा पर्याय पिटच्या निचऱ्यावर बसवायचा पॉलिमर फिल्टर. त्याला वीज लागत नाही, माणूसही लागत नाही. पाणी आरपार जातं, तेल आलं की पॉलिमर फुगतो आणि वाट बंद होते. मिनरल ऑइलला ही उत्तम युक्ती आहे. पण बरेचसे पॉलिमर हायड्रोकार्बनसाठी बनवलेले असतात. एस्टरचा रेणू ध्रुवीय असल्यामुळे पॉलिमर तसाच फुगेल याची खात्री नाही आणि तेल निसटू शकतं. त्यात आपल्या पावसात गाळ येतो, फिल्टर तुंबतो. विक्रेत्याने तुमचंच एस्टर पावसाच्या पाण्यासोबत तुमच्यासमोर फिल्टरमध्ये ओतून दाखवल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

माझी पसंती सेन्सर पंपाला. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युत क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचं माप) सुमारे ८०, एस्टरचा ३ च्या आसपास. पंपाला जोडलेल्या सेन्सरला, म्हणजे कपॅसिटिव्ह प्रोबला, हा फरक सहज कळतो आणि तेल लागताच पंप थांबतो. पंपाचं सक्शन सम्पच्या (पाणी गोळा होणाऱ्या खळग्याच्या) तळाशी ठेवा, म्हणजे तरंगणारं तेल ओढलं जाणार नाही. पंप तेल-पाणी घुसळून एकजीव करतो, म्हणून सेपरेटर असेल तर पंप त्याच्यानंतर बसवा, आधी नाही. त्रुटी दोन: वीज गेली की पंप बंद, आणि प्रोबवर गाळ चढतो. बॅकअप पुरवठा आणि मे महिन्यात प्रोबची सफाई, या दोन्हींचा खर्च आधीच धरा.

जुन्या पिटवर एस्टरचा ट्रान्सफॉर्मर बसवत असाल तर व्हॉल्व्हला कुलूप घाला, पंप लावा आणि पिटची क्षमता तेल अधिक तुमच्याकडचा सर्वाधिक पाऊस धरून पुन्हा तपासा. अग्निशमनासाठी पाण्याचे फवारे असतील तर तेही पाणी धरा.