गंगापूर रोडवरील सूक्ष्मजीवशास्त्राची शिकवणी : एका विद्यार्थ्याचा अभिप्राय

पदव्युत्तर प्रवेश परीक्षेसाठी नाशिकच्या गंगापूर रोडवरील या शिकवणीत मी रोगप्रतिकारशास्त्राचा भाग पूर्ण केला. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू आपल्या पृष्ठभागावरील ‘प्रोटीन ए’ने प्रतिपिंडाची (जंतूंना रोखणाऱ्या, वाय आकाराच्या प्रथिनाची) शेपटीच पकडून त्याला उलटे चिकटवून घेतो, त्यामुळे जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींना धरायला टोकच उरत नाही, हे सरांनी फळ्यावर वाय अक्षर उलटे काढून इतके नेमके समजावले की पाठांतराची गरज राहिली नाही. परम्याचा (गोनोरिया या लैंगिक रोगाचा) जीवाणू आयजीए१ या प्रकारचे प्रतिपिंड त्याच्या मधल्या लवचीक भागात, म्हणजे बिजागरीपाशी, कापतो, शिवाय आपल्या तंतूंतील प्रथिनही सतत बदलतो (बहुरूप्याचेच सोंग ते!), हेही उत्तम उलगडले. न्यूमोनिया घडवणाऱ्या न्यूमोकोकस जीवाणूच्या कवचाचे १०० हून अधिक प्रकार मात्र घाईत उरकले गेले. छापील टिपणांतील आकृत्या पुसट आहेत, आणि शुल्काच्या मानाने ते खटकते.