राष्ट्रीय न्यूज चॅनल वर्षभर बघून दिलेला रिव्ह्यू (5 पैकी 1 स्टार)

मी जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर तालुक्यातला, साडेचार एकर कापूस. 2025 च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, डिशचा रिचार्ज मारताना हिंदी न्यूज चॅनल मुद्दाम चालू करून घेतलं, कारण हमीभाव, आयात-निर्यात हे सगळं ठरतं दिल्लीत आणि आपल्याला कळतं ते व्यापाऱ्याने भाव पाडल्यावर. चॅनलचं नाव लिहीत नाही, कारण रिमोटवर पुढे गेलं काय नि मागे आलं काय, माल तोच आहे.

चित्र एकदम क्लिअर, त्याबद्दल तक्रार नाही. पण स्क्रीनवर आठ खिडक्या, आठही जण एकदमच बोलताहेत, खाली लाल पट्टी, वर अजून एक पट्टी, आणि अँकर सगळ्यांच्या वरताण. आमचे आबा ऐंशीच्या घरात, भाकरी मोडता मोडता म्हणाले, "कितलं बोंबलतस रे ह्या, बंद कर ना ते."

आता खरी गोष्ट. 19 ऑगस्ट 2025 पासून केंद्राने बाहेरच्या कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढून टाकलं, आधी म्हणाले 30 सप्टेंबरपर्यंत, मग गणपती बसले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 28 ऑगस्टला, मुदत वाढवून थेट 31 डिसेंबर. ह्या तारखांचा अर्थ कापूस लावणाऱ्यालाच कळतो. आमची वेचणी दसऱ्याच्या आगेमागे सुरू होते, दिवाळीला घरात माल असतो, म्हणजे आम्ही विकायला निघणार नेमका तेव्हाच परदेशी कापूस बिनशुल्क येणार. अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर, लावलेला, कापड गिरण्याही अडचणीत होत्या, ते मान्य आहे, पण मग गिरणीवाला आणि शेतकरी समोरासमोर बसवा, मंत्र्याला विचारा की भाव पडला तर भरपाई कोण देणार, ह्याच्यासाठीच तर चॅनल असतं ना?

पोळ्याला, 22 ऑगस्टला, बैलांना पुरणपोळी चारून मुद्दाम टीव्हीसमोर बसलो. त्याच दिवशी दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबद्दल सुप्रीम कोर्टाने आधीचा आदेश बदलला होता, तर त्यावर चर्चा. विषय खोटा नाही, कुत्रं चावलेल्या पोराचे हाल आमच्या गल्लीत पण बघितलेत. पण एक तास तेच, दुसरा तास तेच, आणि मी उठेपर्यंत कापसाची एक ओळ खालच्या पट्टीत पण आली नाही. शुल्काचं मला कळलं ते जिनिंगवर (कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात) कामाला असलेल्या भाच्याच्या व्हॉट्सॲपवरून.

दिवाळीनंतर 22 क्विंटल घरूनच व्यापाऱ्याला दिला, 6800 ने. लांब धाग्याचा हमीभाव होता 8110. सीसीआयला, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाला, द्यायचा तर ॲपवर नोंदणी, नंबरची वाट, ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की माल परत, आणि मजुरांचे वेचणीचे पैसे तर त्याच आठवड्यात द्यायचे होते. क्विंटलमागे 1310 रुपये, जवळजवळ 29 हजार गेले. सगळा दोष चॅनलचा असं म्हणत नाही, पण देशात एवढे कापूसवाले आहेत, त्यांच्यावर येणारी गोष्ट आधी सांगायला नको?

आणि शेतकऱ्याचा विषय निघालाच कधी, तर अँकर सवाल करतो विरोधकांना, तुमच्या काळात काय केलं म्हणून. अरे ज्याच्या हातात सही आहे त्याला विचार ना बाबा. उद्या सरकार बदललं तरी मी हेच म्हणेन. वर्षभरात सत्तेतल्या माणसाला घाम फुटेल असा एक प्रश्न मी तरी ऐकला नाही, आणि आंदोलन करणारा मात्र पहिल्या मिनिटापासून संशयित.

पैशाचा विषय नाही, चॅनल जवळपास फुकटच पडतं, कारण कमाई जाहिरातीची आणि जाहिरात टीआरपीवर. तो टीआरपी, म्हणजे कोणतं चॅनल किती लोक बघतात त्याचा आकडा, देशभरातल्या घरांत टीव्हीला लावलेल्या साधारण 58 हजार मीटरवरून काढतात, टीव्ही असलेली घरं आहेत 23 कोटींच्या आसपास. असं मीटर मी तरी गावात कोणाकडे बघितलेलं नाही, मग आमचा विचार करणार कोण.

खान्देशात कॅमेरे येतच नाहीत असं नाही. 2010 ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीत पहिलं आधार कार्ड दिलं, पंतप्रधान आले, तेव्हा आख्खी दिल्ली नंदुरबारात उतरली होती. पण तिकडेच धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून बाळंतिणीला बांबूच्या झोळीत घालून खाली आणतात, पावसाळ्यात तर रस्ताच राहत नाही, त्यावर एवढ्या वर्षात कोणी तासभर चर्चा लावलेली मला दाखवा. मराठी पेपरवाले निदान लिहितात तरी.

ह्या आखाजीला रिचार्ज करताना चॅनल काढून टाकलं. आबांचा जुना रेडिओ होता, त्यात नवे सेल टाकलेत, सकाळी 7.05 ला पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या लागतात, दहा मिनिटांत पाऊस, धरणं, सरकारी निर्णय सगळं सांगून मोकळे होतात, आणि आबा पण पूर्ण ऐकतात.