रायझन ५ ३६००: ओव्हरक्लॉक करायला म्हणून घेताय? आधी हे वाचा

२०२० ला घेतलेला एएमडीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर अजून माझ्या मशीनमध्ये आहे, रोज सात-आठ तास चालतो, लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो मी, नागपूरला. प्रोसेसर म्हणून एक तक्रार नाही. ६ कोअर (स्वतंत्र काम करणारे भाग), १२ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), बेस म्हणजे किमान ठरलेला वेग ३.६ आणि बूस्ट म्हणजे गरज पडली की स्वतःहून गाठतो तो ४.२ गिगाहर्ट्झ, ६५ वॅटचा. पण आता सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळतो म्हणून बरेच पोरं "घेऊ आणि ओव्हरक्लॉक करू" या हिशोबाने घेऊन राहिले, सारखं कोणी ना कोणी विचारतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

ओव्हरक्लॉक म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. वेग कसा ठरतो तर बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर, बेस क्लॉक (मदरबोर्डचा मूळ ठोका, वरचा बेस वेग नाही) १०० मेगाहर्ट्झ असतो, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) जाऊन मल्टिप्लायर ४१ केला की झाले ४.१ गिगाहर्ट्झ, एवढं सोपं. पण वेग वाढवला की चिप जास्त व्होल्टेज मागते आणि खरी गोम तिथे आहे, कारण विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. १.२ व्होल्टचं १.३ केलं तर ऐकायला काहीच नाही वाटत, पण तेवढ्यानेच खप साधारण १७ टक्के वाढतो, वेग वाढवल्याचा वेगळा. आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते.

मला सगळ्या कोअरवर ४.२ पाहिजे होता. नाही मिळाला. १.३ व्होल्टवर विंडोज सुरू व्हायची, ब्राउझर, गाणी सगळं मस्त, पण रेंडर (एडिट केलेल्याची तयार व्हिडिओ फाइल काढणं) टाकला की पाच-सात मिनिटांत निळा स्क्रीन. तीन रात्री तेच केलं, शेवटी ४.१ वर टिकला. प्रत्येक चिप सारखी नसते, तुमची ४.३ ला जाईल, कोणाची ४.१ ला पण अडेल, ते लावून बघितल्याशिवाय कळायला मार्ग नाही. आणि मग मी नीट मोजलं तेव्हा लक्षात आलं की काहीच न करता हा सगळ्या कोअरवर ४.० च्या आसपास स्वतःच पळत होता! म्हणजे एवढ्या खटाटोपातून मिळाले १०० मेगाहर्ट्झ, अडीच टक्के. ४० मिनिटांचा रेंडर ३९ मिनिटांत. वरून मॅन्युअल केल्यावर एकट्या कोअरचा ४.२ चा बूस्ट बंद होतो, त्यामुळे टाइमलाइन पुढेमागे ओढताना, जिथे एक-दोन कोअरच राबतात, तिथे मशीन उलट जरासं हळूच झालं.

जुने लोक ओव्हरक्लॉकिंगचं एवढं कौतुक सांगतात ते खोटं नाही बरं का. १९९८ च्या इंटेल सेलेरॉन ३००ए ची बस (तेव्हाचा बेस क्लॉक) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा थेट ४५० व्हायचा, ५० टक्के फुकटात. आताचे प्रोसेसर तापमान आणि करंट बघत बघत स्वतःच स्वतःला वर नेतात, आपल्यासाठी फार काही उरतच नाही.

आता नागपूरचा मुद्दा, कारण परदेशातले व्हिडिओ बघून आपण सेटिंग करतो आणि ते लोक २० डिग्रीच्या खोलीत बसलेले असतात. (आमच्याकडे कूलर म्हटलं की लोकांना खसवालाच आठवतो, मी प्रोसेसरवरच्या पंख्याबद्दल बोलतोय.) सोबत येणारा व्रेथ स्टेल्थ कूलर ६५ वॅटच्या साध्या वापरासाठी बनवलाय आणि ते काम करतो, ओव्हरक्लॉकचा भार त्याच्यावर टाकणं चूक, ती मी केली. मे महिना, बाहेर ४५, खोलीत ३७, रेंडर सुरू केल्यावर चारच मिनिटांत ९४ डिग्री, आणि या चिपची मर्यादा ९५. पंख्याचा आवाज दार लावून बाहेरच्या खोलीत ऐकू येत होता. टॉवर कूलर (उंच, मोठा कूलर) बसवल्यावर ८० ला आलं, पण तो खर्च ओव्हरक्लॉकिंगच्याच खात्यात धरायला पाहिजे ना.

पण खरा फायदा मला मिळाला तो रॅममध्ये. ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करेपर्यंत २४०० वरच चालत होती, कितीतरी लोकांची आजही तशीच चालत असेल, आणि ३२०० हा या प्रोसेसरसाठी रॅमचा अधिकृत वेग आहे म्हणजे जोखीम नगण्य. एका सेटिंगमध्ये गेम पण सुधारले, एडिटिंग पण. तिथेच थांबायला हवं होतं. मी ३७३३ केलं. आठ दिवस सगळं छान, एकही क्रॅश नाही, मग एका क्लायंटची झिप उघडेना, दुसऱ्या दिवशी एका लग्नाच्या प्रोजेक्टची फाइल करप्ट. रात्री मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) लावला तर लाल ओळींवर लाल ओळी. मशीन बंद पडलं तर निदान कळतं तरी, हे असं गुपचूप डेटा खराब होणं फार वाईट. हळदीचं फुटेज परत शूट होत नाही. कार्डांवर मूळ फुटेज होतं म्हणून वाचलो.

वॉरंटीचं पण बघा, ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान एएमडी वॉरंटीत धरत नाही, त्यांच्याच रायझन मास्टर सॉफ्टवेअरने केलं तरी. आणि दुकानदाराकडून करून घेऊ नका. इथल्या एका दुकानाने मित्राला पैसे घेऊन ४.३ करून दिला, मी बघितलं तर व्होल्टेज १.४५ वर ठोकून ठेवलेलं, कायम. एवढ्या व्होल्टेजवर रोजचा भार दिला की चिप हळूहळू झिजते, आज चालणारा वेग वर्षभराने चालत नाही.

आता माझं मशीन असं आहे: प्रोसेसर जसा आला तसा, एक्सएमपी ३२००, टॉवर कूलर. एप्रिल-मे मध्ये बायोसमधून ४५ वॅटचा इको मोड (कमी विजेवर चालवणारी सेटिंग). प्रोसेसरला पाचपैकी साडेचार, ओव्हरक्लॉकिंगसाठी म्हणून घेणार असाल तर दोन.

तरी करून बघायचंच असेल तर मदरबोर्ड बी४५० किंवा वरचा घ्या, ए३२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. एका वेळी एकच आकडा बदला, आधी बॅकअप. आणि स्क्रीन काळाच राहिला तर घाबरू नका, विजेची वायर काढा, बोर्डावरचा सीआर२०३२ चा गोल सेल पाच मिनिटं काढून परत लावा, बायोस मूळ सेटिंगवर येतो.