३५० रुपयांत ‘लाइफटाइम अ‍ॅक्टिव्हेशन’ विकणाऱ्यांपासून सांभाळा

स्वस्तातले आरपीजी गेम (एखादं पात्र घेऊन मोठी गोष्ट खेळत जायचे) शोधणाऱ्या गोव्यातल्या सगळ्यांसाठी लिहितेय. लांब झालंय पण पूर्ण वाचा, कारण चवथीची सुट्टी जवळ आली की ह्या लोकांचे मेसेज परत फिरायला लागतात आणि नववी-दहावीतली पोरं आईच्या फोनवरून पैसे पाठवून मोकळी होतात, घरात कोणाला पत्ताही नसतो.

मला बाल्डर्स गेट ३ खेळायचा होता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आला तेव्हापासून मनात होता, पण स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, २,९९९ रुपये, आणि आमच्या घरात एका गेमवर तेवढे घालायचे म्हणजे आधी सगळ्यांना उत्तरं द्या. तेवढ्यात एका ग्रुपवर जाहिरात दिसली, तोच गेम ३५० रुपयांत, लाइफटाइम अ‍ॅक्टिव्हेशन, फुल वॉरंटी, खाली ‘मिळाला ब्रो, ट्रस्टेड आहे’ असल्या स्क्रीनशॉट्सची रांग. मेसेज केला तर व्हॉइस नोट आली, चक्क कोंकणीत, ‘ताई, भिवपाची गरज ना, हांव मडगांवचोच.’ आपल्याच गावाकडचा माणूस बोलतोय असं वाटलं की आपण चौकशी अर्ध्यावर सोडतो, आणि त्यांना नेमकं तेच हवं असतं.

यूपीआयने पैसे पाठवले, लगेच त्याने एका अनोळखी स्टीम अकाउंटचं युजरनेम-पासवर्ड दिलं, वर टाकायला कोडही दिला. गेमला १५० जीबी जागा लागते, डिचोलीत पावसात लाइट जात होती येत होती, तरी कसाबसा उतरवला. मग तो म्हणाला आता स्टीम ऑफलाइन मोडवर टाका आणि परत कधीच ऑनलाइन जाऊ नका. आणि गेम खरंच चालला! म्हणून तर कोणाला संशय येत नाही. मी मस्त खेळत दुसऱ्या अंकापर्यंत गेले, कारलाक नावाच्या पात्राला टीममध्ये घेतलं, रात्री जेवण झालं की तासभर तेच.

एके दिवशी लॅपटॉप चालू केला, स्टीम आपोआप ऑनलाइन गेलं आणि समोर लॉगिनची चौकट. पासवर्ड बदललेला. सेव्ह फाइल्स लॅपटॉपमध्ये तशाच पडून, पण उघडायला गेमच नाही.

इथे थांबून सांगते की ह्यात होतं काय. तो माणूस एकच कॉपी विकत घेतो आणि एकाच खोलीची चावी पन्नास जणांना भाड्याने द्यावी तसं ते लॉगिन सगळ्यांना वाटतो. गेम तुमच्या नावावर कधी येतच नाही, पॅच (चुका सुधारणारे अपडेट) मिळत नाहीत, आणि स्टीमच्या नियमांत अकाउंट विकायला किंवा दुसऱ्याला द्यायला बंदीच आहे, त्यामुळे ‘मी पैसे दिलेत’ म्हणून स्टीमकडे दादही मागता येत नाही. वॉरंटी म्हणजे फक्त त्याचा शब्द.

खरी लूट ह्याच्या पुढे आहे. त्याला मेसेज केला तर अजिबात चिडला नाही, उलट सॉरी म्हणाला, म्हणाला ताई तुमच्याच अकाउंटवर फॅमिली शेअरिंगने (एकाचे गेम घरातल्या दुसऱ्यांना खेळता यायची स्टीमची सोय) परमनंट टाकून देतो, री-अ‍ॅक्टिव्हेशनचे १५० द्या. ते दिल्यावर एक क्यूआर पाठवला आणि सांगितलं फोनमधल्या स्टीम अ‍ॅपने स्कॅन करा. अ‍ॅपने विचारलं साइन इन करायचं का, आणि तो फोनवर मागे लागलेला, पटकन करा, कोड एक्सपायर होतो. हो दाबलं. तो क्यूआर फॅमिलीचा वगैरे काही नव्हता, तो त्याच्या कॉम्प्युटरवरच्या लॉगिन स्क्रीनचा होता! म्हणजे पासवर्ड न सांगता, ओटीपी न देता तो माझ्या अकाउंटमध्ये आत.

सेलसाठी स्टीम वॉलेटमध्ये जमवलेले पैसे त्याने कुठल्यातरी गेमच्या आतल्या खरेदीत संपवले. ते एक वेळ जाऊ दे. पण माझ्या नावाने माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या सगळ्यांना मेसेज गेले की मी इथून घेतलाय, सेफ आहे, तूही घे. फोंड्याला माझा मावसभाऊ असतो, कॉलेजात आहे, त्याने माझं नाव बघून विचारलंही नाही, दोन गेमचे ७०० पाठवले, आणि मग मला फोन, ‘ताई, तूच सांगितलंस ना?’ त्याचा तो आवाज अजून डोक्यातून जात नाही. माझ्या नावावर विश्वास ठेवून लहान भावाचे पैसे गेले ह्याचा मला जेवढा राग आहे तेवढा माझ्या पैशांचाही नाही.

नंतर पैसे परत द्या म्हटलं तर रिफंडचा म्हणून आणखी एक क्यूआर पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणे. हे मात्र माहीत होतं. पैसे घेताना यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन फक्त आपल्याकडचे पैसे जाताना लागतो. मी नाही म्हटल्यावर ब्लॉक.

आता ज्यांना खरंच कमी पैशांत चांगले आरपीजी हवेत त्यांनी हे करून बघा, चोरवाटेची गरजच नाही. स्टीमचा मोठा सेल जूनच्या शेवटी आणि डिसेंबरच्या शेवटी असतो, दर रुपयांत, पैसे यूपीआयने देता येतात. द विचर ३ हा २०१५ चा गेम, सेलमध्ये भरपूर उतरतो, कम्प्लीट एडिशन घ्या म्हणजे दोन्ही एक्स्पान्शन (गेमला जोडलेले जादा भाग) येतात, त्यातलं ब्लड अँड वाइन एकटंच एखाद्या पूर्ण गेमएवढं आहे. बाल्डर्स गेट परवडत नसेल तर तो बनवणाऱ्या लॅरियन कंपनीचाच डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २ घ्या, २०१७ चा आहे, तसाच पाळीपाळीने लढायचा, आणि माझ्या मते लढाईची मजा ह्यात जास्तच आहे, तेल सांडून आग लावायची, पाण्यात करंट सोडायचा. मारामारी नको, नुसतं बोलणं आणि गोष्ट हवी तर डिस्को एलिझियम, पण इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. जुना, ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप असेल तर अंडरटेल, कशावरही चालतो. आणि अगदी फुकटच हवं तर जुना डॅगरफॉल स्टीमवर अधिकृतपणे फुकट आहे, डेल्टारूनचे पहिले दोन भागही डेमो म्हणून फुकट. एपिक स्टोअर दर आठवड्याला काही ना काही फुकट देतं, गुरुवारी बघत जा.

सेलचा दर खरंच कमी आहे का ते स्टीमडीबीवर जुन्या किमती बघून कळतं, आणि अधिकृत दुकानांतले दर एकत्र बघायला इज देअर एनी डील ही साइट आहे. गेम आवडला नाही तर स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात, आणि ते मिळतात, मी घेतलेत. गॉग ह्या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात तर गेमचा इन्स्टॉलर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येतो, नंतर नेट नसलं तरी चालतो, आमच्याकडच्या पावसाळ्यात हे फार कामाचं आहे. स्वस्तात ‘की’ (गेम चालू करायचा कोड) विकणाऱ्या साइट्सपासूनही जरा लांबच राहा, चोरीच्या कार्डवर घेतलेल्या ‘की’ कंपनी नंतर रद्द करते आणि गेम लायब्ररीतून जातो.

ज्यांनी आधीच असा क्यूआर स्कॅन केलाय त्यांनी आत्ताच स्टीम अ‍ॅपमध्ये स्टीम गार्ड उघडून सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा, मग पासवर्ड बदला, ईमेलचाही बदला, आणि फ्रेंडलिस्टला दुसरीकडून कळवा की तो मेसेज माझा नाही. पैसे गेले असतील तर १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितकं लवकर कराल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडकवता यायची शक्यता जास्त. नाहीतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका, यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट लागतात, म्हणून रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका. माझी आणि भावाची, दोघांची तक्रार गेलीय, दोघांनी पैसे पाठवलेला यूपीआय आयडी एकच निघाला, ते तक्रारीत लिहिलंय. अजून कोणाचे असेच गेले असतील तर ३५० रुपयेच तर होते म्हणून सोडून देऊ नका, तुमचीही टाका.