दहा इंची डिजिटल फोटो फ्रेम : आठ महिने वापरल्यावर

साडेतीन स्टार. दीड कुठे कापला ते खाली येईलच.

फ्रेम मुलाने पाठवली. नवरा जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. १२८० बाय ८०० चा टचस्क्रीन, वायफाय, आणि ॲपवरून घरातलं कोणीही कुठूनही फोटो टाकू शकतं. माझी सगळी नोकरी मोजमापाच्या उपकरणांचं कॅलिब्रेशन करण्यात गेली. त्यामुळे वस्तू हातात आली की ती नेमकी कुठे चुकते हेच आधी बघायची खोड आहे.

पडदा उत्तम. आयपीएस पॅनल असल्यामुळे बाजूने बघितलं तरी रंग मरत नाहीत. हा गुण आहे खरा, पण आमच्याकडे फ्रेम दाराच्या समोर आहे. आत येणाऱ्याला चपला काढता काढताच ती दिसते, आणि माझ्याकडे बघायच्या आधी माणूस तिच्याकडे बघतो.

पहिल्याच आठवड्यात नणंद आल्या. फ्रेमवर माझा फोटो होता, बोटीवरचा, केस तोंडावर आलेले, मी जबडा उघडून हसते आहे. काढणारा तोच, म्हणून तो फोटोत नाही. ताई बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं गं, लवकर सावरलीस." 'लवकर'वर जरा थांबून. पंधरा सेकंदांनी त्याचा फोटो आला, पण तोवर त्या वळून सोफ्यावर बसल्या होत्या.

त्याच संध्याकाळी समोरच्या काकू आल्या. त्यांच्या नशिबाला तो आला, चष्मा कपाळावर चढवून चष्माच शोधणारा. "दिवसभर हेच बघत बसता का हो? बाहेर पडा यातून." दोघींच्या भेटीत फार तर तीन तासांचं अंतर. मी तीच, कपडे तेच. एकाच गोष्टीची इतकी वेगळी दोन रीडिंग देणाऱ्या मीटरला आम्ही लाल स्टिकर लावून कपाटात टाकायचो. नणंदेला काय लावणार?

मग सेटिंगशी खेळत बसले. कोणी येणार असेल तर एकच फोटो स्थिर ठेवायचा, असा बेत. तशी सोय आहे, आणि दोन टॅपमध्ये होतं. अडचण फोटोंचीच आली. मला असा हवा होता ज्यात आम्ही दोघं आहोत, हसत नाही आहोत आणि रडवेलेही दिसत नाही. एकूण चारशे बारा फोटोंत तसे तीन निघाले. त्यातला एक पासपोर्ट ऑफिसच्या रांगेतला. तो लावला. एक पाहुणा म्हणाला, "भांडण झालं होतं वाटतं?"

एक अख्खा स्टार मी ॲपपायी कापला आहे. दिरांनी प्रेमानेच दवाखान्यातले शेवटच्या आठवड्यातले सहा फोटो टाकले. नळ्या, मॉनिटर, आणि कोपऱ्यात झोप न झालेली मी. ते मी लपवले. ज्याने फोटो टाकला त्याच्या फोनवर ॲप 'लपवलेला' अशी खूण दाखवतं, हे मला कुठे ठाऊक? दहा मिनिटांत फोन : "वहिनी, तो फोटो नको होता का?" आणि दोन दिवसांनी फिरत फिरत कानावर आलं की हिला आता आठवणसुद्धा नकोशी झाली आहे. बनवणाऱ्यांनो, ही खूण बंद करता येऊ द्या. घरच्या माणसांना इतकी माहिती लागत नाही.

त्या रात्री चिडून वाचत बसले. व्हिक्टोरिया राणीचा नवरा १८६१ मध्ये गेला, ती १९०१ मध्ये मरेपर्यंत काळ्या कपड्यांत राहिली, आणि लोकांसमोर येत नाही म्हणून तिच्यावर टीका झाली. जॅकलिन केनेडी १९६३ मध्ये नवऱ्याच्या अंत्यविधीला ताठ उभी राहिली म्हणून जगाने वाखाणली. तिनेच १९६८ मध्ये दुसरं लग्न केलं तेव्हा त्याच जगाने तिला फाडून खाल्लं. डॉक्टरांची मुदतही एक नाही. लांबलेल्या शोकाचा आजार म्हणायला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात किमान सहा महिने लागतात, अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या आवृत्तीत मोठ्या माणसांना बारा. शिवाय दोन्हीकडे शोक समाजाच्या अपेक्षेपलीकडे गेलेला असावा लागतो. म्हणजे समोरच्या काकू थोड्याफार निकषातच बसल्या आहेत.

कामाचं मिळालं ते एकच. श्ट्रोबे आणि शुट या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं की माणूस शोकात सलग राहत नाही. घटकाभर गेलेल्यात असतो, घटकाभर गॅसचं बुकिंग, बँकेचा फॉर्म असल्या नव्या कामांत, आणि ही येजा चालूच राहते. वाचलं, उठले आणि पासपोर्टचा फोटो काढून शफल परत चालू केलं. दवाखान्यातले सहापैकी दोन परत घेतले. एकात त्याचा हात माझ्या हातावर आहे, तो मी आधी नीट पाहिलाच नव्हता. आता येणाऱ्याला जे दिसेल ते दिसेल. (शफल तितकंसं बेभरवशाचं नाही. बोटीचा फोटो दिवसातून चारदा येतो. मी मोजलं आहे.)

उरलेला अर्धा स्टार सेन्सरचा. खोलीत कोणी नसेल तर वीज वाचवायला पडदा आपोआप बंद होतो. आत जो सेन्सर आहे तो माणूस ओळखत नाही, हलणारी उष्णता ओळखतो. समोर कोणी अगदी स्थिर बसलं तर त्याच्या लेखी खोली रिकामी. मी संध्याकाळी खुर्चीत बसते तेव्हा दहा मिनिटांनी फ्रेम काळी पडते. ही वेळ वाढवायची सोय नाही, कंपनीला लिहिलं तर 'सूचनेबद्दल आभार' आलं. म्हणून मधूनमधून हात वर करून हलवावा लागतो, की पडदा उजळतो.

परवा काकूंनी खालच्या मजल्यावरच्यांना सांगितलं म्हणे, की ती आता फोटोला टाटा करते.