मोबाईल स्टार्टर: घ्यावा, पण सेटिंग बघून

थ्री फेज लाईट रात्रपाळीला आली की बॅटरी घेऊन बांधावरून मोटारीपर्यंत जायचं, हा ताप मोबाईल स्टार्टरनं, म्हणजे घरून कॉल करून मोटर चालू-बंद करणाऱ्या डब्यानं, वाचतो. वाळव्यातला ऊस असो की तासगावची द्राक्षबाग, सबमर्सिबलला हा डबा बिनधास्त बसवा. कृष्णाकाठच्या मोनोब्लॉकला (पाण्याबाहेर बसवलेल्या पंपाला) मात्र आधी फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाईपाच्या तळाची पाणी धरून ठेवणारी झडप, तपासा. तो गळका असेल तर पाईपातलं पाणी उतरतं, घरून कॉल केल्यावर मोटर कोरडीच फिरते आणि सील जळतं.

जोडणी सोपी आहे. डब्यातला चालू करणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) हिरव्या बटणाला समांतर, बंद करणारा लाल बटणाच्या वायरीत एकसर. जुना स्टार्टर तसाच राहतो. गडबड होते ती ड्राय रनमध्ये, म्हणजे अँपिअर ज्या आकड्याखाली गेले की मोटर कोरडी समजून डबा ती बंद करतो त्या सेटिंगमध्ये, कारण बसवणारे कंपनीचा आकडा बदलतच नाहीत. पाणी पूर्ण पडत असताना अँपिअर मोजा. ८ आले तर ड्राय रन ५.५ ते ६ वर ठेवा. उन्हाळ्यात विहीर खाली गेली की परत मोजायचं.

अँटेना पत्र्याच्या पेटीबाहेर हवी. टूजी डब्यात जिओचं सिम चालत नाही, हे विकत घेतानाच विचारा. रिचार्ज संपला की डबा मुका.

लाईट आली की मोटर आपोआप चालू करणाऱ्या ऑटो मोडची मात्र फार कौतुकं नकोत. लाईट आल्याबरोबर डीपीवरच्या (एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एकदम उठतात, व्होल्टेज पडतं, फ्यूज उडतात. वापरायचाच असेल तर शेजाऱ्यांशी ठरवून प्रत्येकानं वेगळा उशीर लावावा: २, ४, ६ मिनिटं.